लॉनमधला राब

शेजारच्या माधवीताईंचा फोन आला तेव्हा राजेंद्र कंपनीत बेअरिंगच्या एका खोक्याकडे बघत उभा होता. बघत होता म्हणजे डोळे तिकडे होते. "दादा, घाबरू नका," माधवीताई म्हणाल्या, आणि हे वाक्य ऐकल्यावर माणूस जसा घाबरतो तसे आपण घाबरलो नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. "आबा ठीक आहेत. पण तुमचं लॉन पेटलंय." त्यानं विचारलं, "किती?" आता हे काय विचारणं झालं? लॉन पेटलंय म्हटल्यावर माणसानं कसं, कुणी, केव्हा असं काहीतरी विचारावं. पण उभा जन्म मालाची तपासणी करण्यात गेला की नुकसान कळल्यावर आधी त्याचं माप लागतं. "एका कोपऱ्यात," माधवीताई म्हणाल्या, "पण धूर फार आहे. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसुद्धा पडलेत." ग्रुपवर फोटो पडले म्हणजे गोष्ट खरी होती. त्यानं साहेबांना सांगितलं, गेटवर सही केली, हेल्मेट चढवलं आणि तळेगावच्या एमआयडीसीतून वराळ्याच्या रस्त्याला लागला. वाटेत थांबून त्यानं पेट्रोल भरलं. टाकीत होतं, तरी भरलं.

फाटकातून आत आल्यावर त्याला पहिल्यांदा दिसल्या त्या माधवीताई. पाण्याचा पाईप हातात धरून त्या लॉनच्या कडेला उभ्या होत्या आणि पाईपातून पाणी येत नव्हतं. "मी मारणार होते पाणी," त्या ओशाळून म्हणाल्या, "पण आबा ओरडले माझ्यावर." आबा, म्हणजे राजेंद्रचे वडील, पायरीवर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत, हात कोपरापर्यंत राखेचे, आणि चेहऱ्यावर दिवसभराचं काम उरकलेल्या माणसाचं समाधान. "बाई पानी मारत हुत्या," ते म्हणाले. "म्हनलं, नगा मारू, राब भिजंल." नळाजवळच्या कोपऱ्यात, एरवी जिथं हिरवं असायचं तिथं, एक काळा चौकोन धुमसत होता. त्याच्या कडा इतक्या सरळ होत्या की राजेंद्रनं स्वतः दोरी लावून कापल्या असत्या तरी याहून सरळ आल्या नसत्या. चौकोनाबाहेरचं एक पातं जळालं नव्हतं. टाकव्याला, म्हणजे त्यांच्या गावाला, भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा असाच भाजतात. शेण पसरायचं, त्यावर पाला, त्यावर वाळलेलं गवत, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, म्हणजे भडका होत नाही, धग सावकाश खाली उतरते, तणाचं बी मरतं आणि राख मातीत मिसळते. यालाच राब भाजणं म्हणतात. राजेंद्रला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्या धुराच्या वासासकटच तो मोठा झाला होता. आता तोच वास वराळ्याच्या रो-हाऊसमध्ये, चारचाकींच्या आणि कुंड्यांच्या मधोमध आला होता.

"आबा, हे काय केलंत?"

"राब भाजला. उशीर झाला यंदा. मिरूग जवळ आला आन् तुजं अजून काईच न्हाई."

"हे लॉन आहे, आबा."

"व्हय की. लय तण माजलंय."

माधवीताईंना हसू आलं आणि ते त्यांनी पदरात लपवलं. राजेंद्रला राग यायला हवा होता. तो येतोय का हे त्यानं थोडा वेळ थांबून पाहिलं, दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला आतून जीभ लावून बघतो तसं. काही नव्हतं. नुकसान दिसत होतं, जाणवत नव्हतं. त्यानं बूट काढले, पाईप माधवीताईंच्या हातातून घेतला, नीट गुंडाळून खुंटीला अडकवला आणि चहा ठेवायला आत गेला.

लॉनचा त्याला नाद होता असं लोक म्हणायचे. त्याला तो नाद वाटत नव्हता. घर घेतलं तेव्हा समोरच्या तुकड्यात काय करायचं यावरून त्याचं आणि विशाखाचं, म्हणजे बायकोचं, चांगलंच वाजलं होतं. तिला एक आंबा आणि अळू हवं होतं, त्याला लॉन. का हवं होतं हे त्याला नीट सांगता आलं नव्हतं. त्याची आई चंपा, लग्नाआधी खंडाळ्याला असताना, एका बंगल्यावर लॉन निंदायला जायची, आणि म्हातारपणीसुद्धा ती त्या लॉनबद्दल सांगायची. "बाया लावून निंदत्यात, खत घालत्यात, पानी पाजत्यात," ती म्हणायची, "आन् मंग त्यात ना गुरं सोडत ना शेरडू." तिला त्यात गंमत वाटायची, आणि राजेंद्रला वाटायचं की ज्या गवताकडून कुणाला काही नको असतं असं गवत आपल्याही दारात असावं. विशाखानं शेवटी हात टेकले. "लावा तुमचं," ती म्हणाली, "लावणीच न होणारं रोप." मग एका सणाच्या सुट्टीला दोघांनी मिळून गवताच्या चकत्या शेजारी शेजारी बसवल्या, फटींत माती भरली, आणि ती अनवाणी त्यावरून एकेक पाऊल दाबत चालली. तिचे पाय रुंद होते, टाचा थोड्या भेगाळलेल्या. शाळेत जाताना मात्र ती मोजे घालायची. लोणावळ्याच्या एका शाळेत चौथीला शिकवायची, सकाळी तळेगावहून लोकलनं जायची आणि संध्याकाळी त्याच लोकलनं परत यायची.

गवताचं वर्ष माणसाच्या वर्षासारखं नसतं. ते पावसात सुरू होतं, जेव्हा त्याला आपण नको असतो. मावळातल्या पावसात लॉनला पाणी घालायचं नसतं, काढायचं असतं. कडेनं चर ठेवायचा, पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर बुरशी येते आणि भाकरीएवढे पिवळे डाग पडत जातात. कापणी सारखी करायची, पण ओलं गवत कापायचं नाही, म्हणजे पाऊस उघडण्याची वाट पाहत मशीनजवळ बसून राहायचं. ऑक्टोबरात काटा मारून भोकं पाडायची आणि त्यात वाळू लोटायची, म्हणजे पावसानं दाबली गेलेली जमीन श्वास घेते. थंडीत वाढ थांबते. लोणावळ्याकडून वारा सुटला की पातं तपकिरी पडतं आणि नवखा माणूस म्हणतो, मेलं. मेलेलं नसतं. मूठभर गवत धरून ओढायचं, हाताला अडलं तर मूळ जिवंत आहे, मग काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. उन्हाळ्यात पातं उंच ठेवायचं, पाणी पहाटे आणि भरपूर द्यायचं, रोज थोडं थोडं नाही, म्हणजे मुळं खोल जातात. आणि मे संपता संपता शेणखत, लाल माती आणि वाळू यांचा थर द्यायचा. बारा महिने पाळायचा नियम एकच, एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा. जास्त कापलं तर गवताला धक्का बसतो. विशाखाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाची कुणाची काळजी असते एकेकाला." तिच्या बोलण्यात अशी चिमटा काढायची सवय होती, चिमटा काढून ती परत कामाला लागायची.

आबांना लॉनशी काही देणंघेणं नव्हतं. आई गेल्यावर ते टाकव्याहून यांच्याकडे आले, शेती चुलतभाऊ प्रज्ञेश बघायला लागला, आणि आबा पायरीवर बसून लॉनकडे असं बघायचे की हे गवत पोटरीला कधी येणार. विशाखाशी मात्र त्यांचं सूत होतं, आणि त्याचं कारण लावणी. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ती शाळेतून रजा काढून टाकव्याला गेली, साडीचा ओचा खोचून चिखलात उतरली आणि बायांच्या रांगेत लावत सुटली. तिचे हात आवणात, म्हणजे लावणीच्या त्या चिखलात, इतके सराईत चालले की आबा बांधावर उभे राहून बघतच राहिले. त्या वर्षापासून घरात रीतच पडली, पहिली मूठ विशाखानं लावायची. ती आल्याशिवाय आबा रोपाला हात लावू द्यायचे नाहीत. पाऊस निघून चालला तरी नाही. एकदा शाळेच्या तपासणीमुळे तिला उशीर झाला तर गावातल्या बायका चिखलात उभ्या राहून शिव्या घालत होत्या आणि आबा म्हणत होते, "घाला. इशाखा येऊ द्या." विशाखा म्हणायला त्यांना कधी जमलं नाही.

ती गेल्या भाद्रपदात गेली. गुरुवार होता, त्याची सुट्टी. सकाळचा पाऊस उघडला होता, पातं सुकलं होतं, आणि तो मशीन चालवत होता. खंडाळ्याच्या एका बंगल्यावरून आणलेलं जुनं पेट्रोलचं मशीन, त्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. अर्धं लॉन कापून झालं तेव्हा माधवीताई फाटकातून हात हलवताना दिसल्या. त्यानं मशीन बंद केलं आणि मग कट्ट्यावरचा फोन ऐकू आला. शाळेतून होता. विशाखा वर्गात फळ्यापाशी पडली होती. मेंदूत रक्तस्राव. तो लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचला तेव्हा तिचे मोजे कुणीतरी काढून घडी करून तिच्या उशाशी ठेवले होते. तिला टाकव्याला नेलं, नदीकाठी. भंतेजींनी वंदना घेतली. पुण्यानुमोदनाला मंडप घातला, माणसं येत होती, आणि तो सगळ्यांना चहा मिळाला का हे बघत फिरत होता. राजेंद्र खंबीर आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं. मुलगी तेजल बेंगळुरूहून आली, रडली, राहिली, आणि नोकरीसाठी परत गेली. सगळं पार पडल्यावर तो वराळ्याला आला तर लॉनमध्ये ती रेघ तशीच होती. अलीकडे कापलेलं, पलीकडे न कापलेलं. इतक्या दिवसांत दोन्ही बाजू वाढल्या होत्या, पण सारख्याच वाढल्या होत्या, त्यामुळे रेघ काही मोडली नव्हती. तो तिच्यापाशी उभा राहिला. मग त्यानं मशीनची दोरी ओढली आणि राहिलेल्या अर्ध्या भागापासून पुढे कापायला सुरुवात केली. रडू त्या दिवशी येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही, आणि मग ते यायचं राहूनच गेलं.

रडले ते आबा. टाकव्याला, नदीवर, ते लहान पोरासारखे लोळण घेऊन रडले. आणि आठवड्याभरानं, लोणावळ्याची लोकल यायच्या सुमाराला, पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "इशाखा आली न्हाई अजून?" त्यांचं विसरणं आधीच सुरू झालं होतं. चष्मा, औषध, जेवलो की नाही जेवलो. पण इतकं मोठं काही ते विसरतील असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं सांगितलं, आबा, ती गेली. आणि आबांना ते त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं. ते पुन्हा तसेच कोसळले, कपाळ बडवून घेतलं, काही केल्या शांत होईनात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शाळेत गेलीय आबा. उशीर होईल आज." आबा म्हणाले, "बरं." आणि चहा प्यायले. इतकं सोपं होतं ते.

त्यानंतर रोज तेच. विशाखाचा फ्रेम केलेला फोटो त्यानं भिंतीवरून काढून कपाटात खताच्या पिशवीमागे उभा केला, कारण फोटोला हार असतो आणि हार बघितल्यावर आबांना कळलं असतं. आबा आपल्या चहातला अर्धा कप बशीनं झाकून तिच्यासाठी ठेवायचे, आणि ते झोपल्यावर राजेंद्र तो ओतून टाकायचा. तेजल फोनवर म्हणायची, "बाबा, आबांना खरं सांगा हो. असं किती दिवस?" तो म्हणायचा, बघू. आबांसाठी आपण खोटं बोलतो अशी त्याची समजूत होती, आणि ती बरेच दिवस टिकली. मग हिवाळ्यात कधीतरी त्याच्या ध्यानात आलं की लोकलची वेळ झाली की आपलाही कान फाटकाकडे लागतो. 'उशीर होईल' म्हणताना, म्हणण्यापुरतं का होईना, ती कामशेतच्या आसपास कुठेतरी खिडकीशी बसलेली असायची, मांडीवर वह्यांची पिशवी, डब्यातल्या उरलेल्या भाजीचा वास. ते त्याला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच काय ते वाटायचं. सकाळी तो लॉनला पाणी देई, कडा कापे, लव्हाळ्याची एकेक गाठ खुरप्यानं उकरून काढे. ती येईपर्यंत सगळं जागच्या जागी असावं, अशा हिशेबानं तो गवत राखत होता, आणि आपण असा काही हिशेब करतोय हे त्यानं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी गल्लीतली पोरं दिवसभर क्रिकेट खेळू लागली आणि आबांनी ते बरोबर हेरलं. सकाळचं औषध त्यांना आठवत नव्हतं, पण शाळेला सुट्टी लागली हे कळत होतं. "पोरं घरी, मंग मास्तरीन कुटं?" त्यांनी विचारलं. राजेंद्र म्हणाला, "ट्रेनिंगला गेलीय पुण्याला. लावणीला येईल." सुचलं ते बोलला. वाक्य चांगलं जमलं होतं, बरेच दिवस पुरणारं.

आता चहाचे दोन कप घेऊन तो पायरीवर आबांच्या शेजारी बसला. ऊन कलत होतं. राब निवत आला होता. त्यानं पाहिलं, कोपऱ्यात ओळीनं लावून ठेवलेली शेणखताची पोती रिकामी होती. लॉनला मेअखेरचा थर द्यायचा म्हणून त्यानंच गोठ्यावरून आणवली होती. लाल मातीचा ढीग निम्मा झाला होता. कापलेलं गवत वाळवून खतासाठी साठवलं होतं तेही गेलं होतं. लॉनला जे जे लागतं ते ते सगळं राबालाही लागतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. "आबा," त्यानं विचारलं, "इथं कशाला पण? टाकव्याला भाजतोच की प्रज्ञेश."

"परग्याचं परग्याला," आबा म्हणाले. प्रज्ञेश त्यांच्या तोंडी परग्या व्हायचा. "इशाखा लावनीला येनार म्हनलास न्हवं तूच? मंग ती आल्याव लावंल काय? माती?"

राजेंद्रनं कप खाली ठेवला. आबांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. आपण सुचलं म्हणून बोललो आणि या माणसानं त्या शब्दावर विसंबून, एवढ्या उन्हात, पोतं पोतं शेण ओढत नेऊन वाफा केला. त्याला हे कळलं. "चांगला भाजलाय," तो म्हणाला. "व्हय," आबा म्हणाले, "आता निस्तं बी पायजे." आणि अर्ध्या चहावर त्यांनी बशी झाकली.

ग्रुपवरचा फोटो कुणीतरी प्रज्ञेशलाही पाठवला असावा, कारण अंधार पडायच्या आत त्याचा फोन आला. "जयभीम दादा. आरं हे काय? आबांना हिकडं आनतो मी, ऐक माजं. तू दिवसभर कंपनीत. आज गवत पेटलं, उद्या ग्यास पेटला तर कुनाला सांगशील? हितं मानसं हायेत घरात, लक्ष राहील." त्यात चुकीचं काहीच नव्हतं. राजेंद्र म्हणाला, "बरं." ती गेल्यापासून तो सगळ्याला बरं म्हणत आला होता, प्रॉव्हिडंट फंडाच्या माणसाला, शाळेतून तिचं सामान घेऊन आलेल्या बाईंना, सगळ्यांना. "रविवारी सकाळी गाडी घिऊन येतो," प्रज्ञेश म्हणाला. "आन् दादा, आबांला म्हाईत हाय ना वहिनीचं? न्हाई, हितं फोटू लावलाय आमी भाईर खोलीत. इचारतील ते." राजेंद्र म्हणाला, सांगतो मी. फोन ठेवल्यावर तो तिथंच उभा राहिला. टाकव्याला सगळ्यांना माहीत होतं. तिथं पहिल्याच दिवशी, फोटोखाली, कुणीतरी आबांना खरं सांगणार, आणि आबा कोसळणार, आणि त्यांना सावरायला घरभर माणसं असणार. आणि इथं वराळ्याला लोकलची वेळ होईल आणि कुणी काही विचारणार नाही. ती कामशेतपाशी नसेल. कुठेच नसेल. त्याला भीती वाटली. किती तरी महिन्यांनी काहीतरी स्पष्ट वाटलं ते हे, आणि ते आबांबद्दल नव्हतं, स्वतःबद्दल होतं. याची त्याला लाज वाटायला हवी होती, पण तेवढं अजून येत नव्हतं.

शनिवारी रजा काढून त्यानं आबांची पिशवी भरली. धोतरं, स्वेटर, औषधाच्या पुड्या, आईच्या हातची गोधडी. आबांनी ती पिशवी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा कोण चाललंय असं विचारलं. दुपारी त्यांनी राब सारखा केला. अर्धवट जळालेल्या काड्या वेचल्या, ढेकळं हातानं फोडली, राख मातीत मिसळून वाफा असा सपाट केला की वर बी फेकायचं तेवढं उरलं. राजेंद्र खिडकीतून बघत होता. उरलेलं लॉन त्या वाफ्याभोवती हिरवंगार उभं होतं, पाणी दिलेलं, कडा कापलेलं, आणि का कोण जाणे त्याला आज ते बघवेना. सकाळी त्यानं त्याला पाणी घातलं नव्हतं. विसरला होता, की मुद्दाम घातलं नव्हतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

लोकलची वेळ झाली. तो बाहेर येऊन पायरीवर बसला. आबा राखेचे हात मांडीवर ठेवून फाटकाकडे बघत होते.

"इशाखा आली न्हाई अजून?"

वाक्य तयार होतं. ट्रेनिंगला गेलीय आबा, लावणीला येईल. रोज बोलून बोलून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की जिभेला लागतसुद्धा नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. समोर वाफा होता, झाडलेला, तयार, तिच्या पहिल्या मुठीसाठी थांबलेला. त्याच्यासमोर ते म्हणवेना.

"आबा," तो म्हणाला, "विशाखा येणार नाही. ती गेली."

"कुटं?"

"वारली, आबा. भादव्यात. वर्गात पडली ती उठलीच नाही."

आबा कोसळले नाहीत. ते गावातलं कुणी गेल्याचं कळल्यावर जाणती माणसं विचारतात तसं विचारू लागले. "जवळ कोन हुतं?"

"पोरं होती. तिच्या वर्गातली."

"पानी पाजलं का कुनी?"

राजेंद्रला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत त्यानं हे कुणालाच विचारलं नव्हतं. मोजे कुणी काढले, घडी कुणी केली, पडायच्या आधी ती फळ्यावर काय लिहीत होती, काहीच विचारलं नव्हतं. "ठाऊक नाही," तो म्हणाला.

"इचारलं न्हाईस?"

"नाही."

आबांनी मान हलवली. "आन् मला कसं कुनी सांगितलं न्हाई?"

"तुम्ही होतात, आबा. टाकव्याला नदीवर नेलं तिला. तुम्ही होतात तिथं. फार रडलात."

आबांनी यावर विचार केला, एखाद्या जुन्या लग्नाला आपण गेलो होतो का हे आठवून बघावं तसा. "असंल," ते म्हणाले. "रडलो आसंन. पोर व्हती ती माजी." मग त्यांनी मान वळवून राजेंद्रकडे बघितलं, आणि बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं असं नीट, ओळखून बघितलं. "आन् तू, राजा? तू रडलास का?"

"न्हाई," तो म्हणाला. तोंडून टाकव्याचं 'न्हाई' आलं, कंपनीतलं 'नाही' नव्हे. आणि त्याबरोबर छातीत काहीतरी खोकल्यासारखं उसळलं. एकदा उसळून बसलं. पुन्हा उसळलं. मशीनची दोरी ओढल्यावर ते दोनदा नुसतं खोकतं आणि मग एकदम धरतं, तसं त्या रडण्यानं त्याला धरलं. ते चांगलं दिसणारं रडणं नव्हतं. नाक वाहत होतं, तोंड वाकडं झालं होतं, आवाज कुठल्या जनावराचा असावा असा निघत होता, आणि शेजारच्या खिडकीत माधवीताईंनी दिवा लावला आणि लगेच घालवला. त्याला तिचे रुंद पाय आठवत होते, चकत्यांवरून दाबत जाणारे, आणि ते आता कुठेच नाहीत हे त्याला कळत होतं, नुसतं माहीत नव्हतं, कळत होतं, आणि ते सोसवत नव्हतं. आबांनी हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि ते पाठ थोपटत राहिले. पांढऱ्या शर्टावर राखेची बोटं उठली असणार. उद्या प्रज्ञेशला परत पाठवायचं, हे त्याला त्याच रडण्यात कधीतरी कळून गेलं. गॅसची टाकी कुलपात ठेवू, दिवसा कुणी बाई बघू, काय ते करू. पण संध्याकाळी विचारणारं घरात कुणीतरी हवं.

अंधारायला लागलं तेव्हा हुंदके थोडे विरळ झाले. पाठीवरचा हात थांबला. आबा वाकून त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होते, काळजीनं, काहीच न कळून.

"का रं राजा," ते म्हणाले, "का रडतोस? कोन गेलं?"

राजेंद्रनं बाहीनं तोंड पुसलं.

"विशाखा गेली, आबा," तो म्हणाला. "आपली विशाखा."